प्रीक्लिनिकलची वर्षं कशी काढायची: टेबल, व्हायवा आणि चार भिडू

मेडिकलला ॲडमिशन झाली की पहिल्या महिन्यातच जवळपास प्रत्येकाला वाटायला लागतं की आपण इथे चुकून आलोय, बाकी सगळ्यांना कळतंय आणि मलाच काही कळत नाहीये, आणि गंमत म्हणजे शेजारी बसलेला पण नेमकं हेच मनात म्हणत असतो, फक्त दोघंही माना डोलावत लेक्चर ऐकतात. तर आधीच सांगते, ॲनाटॉमी (शरीराची रचना), फिजिऑलॉजी (शरीराचं काम), बायोकेमिस्ट्री (शरीरातलं रसायनशास्त्र) या तिघींत समजायला अशक्य असं फार काही नाहीये. त्रास आहे तो ढिगाचा. आजचं आज संपत नाही, उद्याचं त्यावर येऊन पडतं, आणि परवा कोणीतरी टेस्ट लावतं.

पेशंटचं तोंड बघायच्या आधीची ही वर्षं डोकं शाबूत ठेवून कशी काढायची याबद्दल हे लिहितेय. माझं म्हणणं एकच आहे आणि ते खाली सारखं येत राहणार: जे तुम्हाला दुसऱ्याला तोंडाने सांगता येतं तेवढंच तुमचं झालंय, बाकीचं तुम्ही नुसतं हायलायटरने रंगवलंय. आणि तोंडाने सांगायचं तर समोर कोणीतरी लागतं ना. म्हणून भिडू आधी शोधा, जाडजूड पुस्तकं नंतर घ्या.

भिडू कसे असावेत

चार जण बास. सहा झाले की गप्पा होतात, दोघंच असले की एक आजारी पडला तर सगळं ठप्प. टॉपरच पाहिजे असं अजिबात नाही, उलट "ए थांब, मला नाही कळलं, परत सांग" असं न लाजता म्हणणारा एक जण ग्रुपमध्ये हवाच, कारण तो थांबवतो तेव्हा कळतं की बाकीच्या तिघांनाही कळलेलं नव्हतं. बऱ्याचदा रोल नंबरने जे डिसेक्शनच्या (मृतदेह कापून शिकायच्या) टेबलवर वाट्याला येतात तेच पुढे जिवाभावाचे होतात, त्यामुळे निवडानिवड फार करत बसू नका.

"काहीच वाचलं नाही रे" म्हणून परीक्षेला येणारा आणि मग सगळ्यात जास्त मार्क घेऊन जाणारा प्रत्येक बॅचमध्ये असतो. त्याच्यावर चिडण्यात वेळ घालवू नका, तो घाबरलेला असतो म्हणून तसं बोलतो. पण नोट्स फक्त घेणारा आणि कधीच न देणारा असेल तर तोंडावर सांगा, मनात ठेवलं की नंतर ग्रुप फुटतो आणि तोही नेमका परीक्षेच्या तोंडावर.

डिसेक्शन हॉल

आधी वासाचं बघू. फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेला फॉर्मल्डिहाइड वायू, बाटलीतल्या द्रावणात तो साधारण ३७ टक्के असतो, बॉडी म्हणजे मृतदेह टिकवायला तो पातळ करून वापरतात. १८९३ साली फर्डिनांड ब्लूम हा जर्मन डॉक्टर याच्यावर जंतुनाशक म्हणून काम करत होता, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्याच बोटांची कातडी कडक होतेय, आणि त्यावरून हे टिश्यू (शरीरातल्या ऊती) टिकवायला वापरता येईल हे सुचलं. म्हणजे ज्या गोष्टीने टिश्यू पक्का होतो तीच तुमच्या हातावर पण काम करते, तेव्हा ग्लोव्हज म्हणजे ग्लोव्हज, "एकच मिनिट बघतो" म्हणत उघडा हात घालायचा नाही. कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा लावा, केस घट्ट बांधा, हॉलसाठी एक जुना कपड्यांचा जोड वेगळाच ठेवा आणि तो बाकीच्या कपड्यांत मिसळू नका. थोड्या वेळाने तुम्हाला वास यायचा बंद होतो, पण तो फक्त तुमच्या नाकाला. लिफ्टमधल्या लोकांना येतो, त्यांच्या चेहऱ्यावर दिसतंच.

चक्कर येणं कॉमन आहे, धिप्पाड पोरंही आडवी होतात. उपाशी जाऊ नका, गुडघे ताठ करून एकाच जागी उभं राहू नका, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली की लाजत उभं न राहता सरळ खाली जमिनीवर बसा आणि शेजाऱ्याला सांगा. उभ्याने पडून डोकं फुटण्यापेक्षा बसलेलं बरं. भिडूचं काम इथून सुरू होतं, त्याने तुम्हाला बाहेर नेऊन बसवायचं आणि नंतर वर्गात त्याचा किस्सा करायचा नाही. निदान त्या आठवड्यात तरी नाही.

आणि टेबलवर जे आहे तो एक माणूस होता हे विसरायचं नाही. फोटो नाही, पाचकळ विनोद नाही, ज्या भागावर काम चालू नाही तो झाकलेला. पहिल्या दिवशी काही जण भयंकर बडबडतात, काही एकदम गप्प होतात, दोन्ही चालतं. बऱ्याच जणांना हात आणि चेहरा यांचं डिसेक्शन सगळ्यात जड जातं. रात्री काही आठवत राहिलं तर टेबलवरच्याच कोणाशी तरी बोला, कारण बाहेरच्यांना ते सांगता येत नाही आणि सांगितलं तरी त्यांचं जेवण बिघडतं.

आता प्रत्यक्ष काम. होतं काय, की बाकी सगळे सुरी धरलेल्याच्या खांद्यावरून वाकून बघतात आणि मॅन्युअल कोणीच वाचत नाही, मग कोणीतरी एक नर्व्ह (मज्जातंतू) कापून टाकतं आणि सगळे म्हणतात फॅसिआ (मसल्सवरचं पातळ आवरण) होता. त्यापेक्षा कामं वाटून घ्या: एक जण मोठ्याने वाचणार, एक कापणार, एक ॲटलास उघडून जुळवणार, आणि चौथा फक्त प्रश्न विचारणार, "हे काय, कुठून आलं, कुठे चाललंय". रोज जागा बदलायच्या. प्रश्न विचारणाऱ्याची जागा सगळ्यात आरामाची वाटते पण सगळ्यात जास्त शिकवून जाते. सुरी मुख्यतः कातडीला, आत गेल्यावर बोटं आणि ब्लंट फोर्सेप्स, किंवा बंद कात्री आत सरकवून उघडायची, म्हणजे टिश्यू आपोआप सुटत जातो. हाताला काही लागलं की ओळखायची सोपी रीत: नर्व्ह भरीव दोरीसारखी लागते, आर्टरी (धमनी) पोकळ पण भिंत जाड म्हणून गोल राहते, व्हेन (शीर) पातळ आणि चपटी बसलेली असते.

एक उदाहरण नीट सांगते कारण इथेच सगळ्यांचं रडगाणं असतं. ब्रेकिअल प्लेक्सस, म्हणजे मानेतून बगलेमार्गे हातात जाणाऱ्या नर्व्हजचं जाळं. सी५ ते टी१ (मणक्यातून निघणाऱ्या नर्व्हजचे नंबर), पाच रूट्स, तीन ट्रंक्स, सहा डिव्हिजन्स, तीन कॉर्ड्स, मग ब्रँचेस. पुस्तकातली आकृती एकदम टापटीप, टेबलवर मात्र बगलेत चरबी आणि त्यात पांढऱ्या दोऱ्यांचा नुसता गुंता. वरून खाली जायचा प्रयत्न करू नका. खालून वर या. दंडाच्या वरच्या भागात कोरॅकोब्रॅकिआलिस मसल शोधा, त्याला आरपार भोसकून जाणारी जी नर्व्ह दिसते ती मस्क्युलोक्युटेनिअस. तिला धरून मागे मागे या, लॅटरल कॉर्ड मिळेल. त्याच कॉर्डमधून दुसरा फाटा निघून ॲक्सिलरी आर्टरीच्या पुढे मिडिअल कॉर्डच्या फाट्याला मिळतो, ती मीडिअन. मिडिअल कॉर्डचा उरलेला पुढे जाणारा भाग अल्नर. आता जरा लांबून बघा, इंग्रजी एम सारखा आकार दिसतो. तो एम दिसला की आर्टरी बाजूला करा, मागे पोस्टिरिअर कॉर्ड आणि तिच्यातून रेडिअल आणि ॲक्सिलरी. मग प्रत्येकाने एकेकदा बोट ठेवून बाकीच्यांना सांगायचं, न बघता. एक जण अडकला तर परत पहिल्यापासून.

कधी कधी तुमच्या टेबलवर एम दिसतच नाही, कारण माणसं ॲटलासप्रमाणे बनवलेली नसतात, व्हेरिएशन भरपूर असतं. तेव्हा दुसऱ्या टेबलवर जा. आणि तसंही जायचंच, कारण स्पॉटर परीक्षेत, म्हणजे पिन टोचलेला भाग ओळखायच्या परीक्षेत, पिन कोणत्या बॉडीत टोचलेली असेल काय सांगावं. "तुमचं मानेचं पोस्टिरिअर ट्रँगल मस्त निघालंय, आम्हाला दाखवा, आम्ही तुम्हाला कोपराचा क्युबिटल फॉसा दाखवतो" हा व्यवहार हॉलमध्ये फार छान चालतो.

नावांचा पूर

नावं जास्त आहेत ही तक्रार जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शरीराच्या भागांसाठी सुमारे ५०,००० नावं वापरात होती, एकाच गोष्टीला देशोदेशी वेगळं नाव, मग १८९५ साली बाझलमध्ये ॲनाटॉमिस्ट लोकांनी बसून ती छाटून सुमारे ५,००० वर आणली. म्हणजे तुम्हाला जे मिळालंय ती सवलतीतली यादी आहे, हे ऐकून काही बरं वाटणार नाही मला माहितीय.

निमॉनिक्स (यादी लक्षात ठेवायला बनवलेली वाक्यं) वापरा, आचरट असतील तितके जास्त चिकटतात, ग्रुपमध्ये बनवलेले तर म्हातारपणी पण आठवतील. फक्त एवढं लक्षात ठेवा की निमॉनिकने क्रम येतो, अर्थ येत नाही. मेंदूतून निघणाऱ्या बारा क्रेनिअल नर्व्हज घडाघडा म्हणता येणाऱ्याला विचारा की सातवी कवटीच्या कुठल्या भोकातून बाहेर येते, तर गाडी तिथेच थांबते. प्रत्येक नर्व्हला तीनच प्रश्न: कुठून बाहेर पडते, करते काय, आणि कापली तर काय होईल.

एम्ब्रिऑलॉजी (गर्भ कसा घडतो ते) लोक ऑप्शनला टाकतात, मला ते पटत नाही. ॲनाटॉमीतल्या बऱ्याच "हे असं वेडंवाकडं का" ची उत्तरं तिथे असतात. स्वरयंत्राची डावी रिकरंट लॅरिंजिअल नर्व्ह थेट घशाकडे न जाता छातीत उतरून एओर्टाच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य आर्टरीच्या) आर्चखालून वळसा घालून परत वर येते, उजवी सबक्लेव्हिअन आर्टरीखालून. कारण गर्भात ती नर्व्ह आणि ते आर्च जवळजवळ असतात, मग हृदय खाली सरकतं आणि नर्व्हला ओढत नेतं. एकदा ही गोष्ट कोणी टेबलवर हातवारे करून सांगितली की पाठ करावी लागत नाही.

गुलाबी स्लाइड्स

हिस्टॉलॉजीत, म्हणजे मायक्रोस्कोपखाली टिश्यू बघताना, सगळंच गुलाबी जांभळं. हिमॅटॉक्सिलिनने न्यूक्लिअस निळाजांभळा, इओसिनने बाकीचं गुलाबी, म्हणून रंगावरून ओळखायला गेलात की फसलात. आधी लो पॉवरवर पूर्ण स्लाइड फिरवून बघा, लगेच हाय पॉवरवर उडी मारू नका. आणि एकसारख्या दिसणाऱ्या स्लाइड्स एकत्र अभ्यासा. चार लिम्फॉइड (प्रतिकारशक्तीचे) अवयव घ्या: गोल गुलाबी हॅसल्स कॉर्पसल दिसलं तर थायमस, वरून स्ट्रॅटिफाइड स्क्वेमस एपिथेलिअम आणि खोल क्रिप्ट्स असतील तर टॉन्सिल, कॅप्सूलच्या लगेच खाली मोकळी सायनस असेल तर लिम्फ नोड, आणि लिम्फोसाइट्सच्या गोळ्यात आर्टिरिओल दिसली तर स्प्लीन. एकाने लेबल झाकायचं, दुसऱ्याने ओळखून कारण सांगायचं. कारण न सांगता बरोबर आलं तर ते धरायचं नाही. परीक्षेत आधीच्याने घाईत स्लाइड हलवलेली असते हे नेहमीचंच, काहीच दिसत नसेल तर लगेच हात वर करा, वेळ संपल्यावर कोणी ऐकत नाही.

फिजिओ आणि बायोकेम

फिजिओच्या प्रॅक्टिकलमध्ये तुम्हीच पेशंट आणि तुम्हीच डॉक्टर. पहिल्यांदा बीपी घेताना कोणालाच काही ऐकू येत नाही आणि तरी सगळे १२० बाय ८० लिहितात. असं करू नका. स्टेथोस्कोपची कानातली टोकं पुढच्या दिशेला वळलेली हवीत, कोपराच्या पुढे बायसेप्सच्या टेंडनच्या आतल्या बाजूला ब्रेकिअल आर्टरी बोटाने आधी शोधा, मनगटावर नाडी धरून कफ फुगवा आणि नाडी कुठे गायब होते ते बघून ठेवा, मग स्टेथोस्कोप लावून सेकंदाला दोन-तीन मिलिमीटरने हवा सोडा. कोरोटकॉफ या रशियन डॉक्टरने १९०५ साली वर्णन केलेले ते ठोके मग नक्की येतात. आणि प्रत्येक प्रयत्नानंतर हवा पूर्ण सोडा रे, मित्राचा हात आहे तो.

बोट टोचायच्या दिवशी स्वतःचं बोट टोचायची हिंमत होत नाही, म्हणून एकमेकांचं टोचतात, तेव्हा नवी लॅन्सेट प्रत्येकाला वेगळी आणि वापरली की थेट शार्प्सच्या डब्यात, यात मैत्री आणायची नाही. अनामिकेच्या शेंड्याची बाजू निवडा, मधोमध जास्त दुखतं. पहिला थेंब पुसून टाका. न्यूबॉअर चेंबरवर (चौकटी आखलेल्या काचेवर) पेशी मोजताना रेषेवर बसलेल्या पेशींचं भांडण होतं, तेव्हा वरच्या आणि डाव्या रेषेवरच्या मोजायच्या, खालच्या आणि उजव्या सोडायच्या, म्हणजे कोणीच दोनदा मोजली जात नाही. आकडा मध्येच विसरला तर हसू नका, तुमचाही विसरणार आहे.

बायोकेममध्ये पाथवे (एकामागून एक होणाऱ्या रासायनिक क्रियांच्या साखळ्या) पाठ करून परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी उडून जातात. फळ्यावर उभं राहून काढा आणि बाकीच्यांनी विचारायचं: कुठे सुरू होतो, लगाम कुठे आहे, अडकला तर मागे काय साचेल. ग्लायकोलिसिसच्या (पेशीत ग्लुकोज फोडायच्या पाथवेच्या) दहा स्टेप्सपैकी उलट न फिरणाऱ्या तीन, म्हणजे त्यांची एन्झाइम्स हेक्सोकायनेज, पीएफके-१ आणि पायरुव्हेट कायनेज, याच आधी पक्क्या करा, बाकीच्या मधे भरता येतात. त्याच्या पुढचा, ऊर्जा काढून घेणारा पाथवे म्हणजे क्रेब्स सायकल, ती डोक्यात जात असेल तर ऐका, १९३७ साली खुद्द हान्स क्रेब्सचं त्यावरचं टिपण 'नेचर'ने छापायला घेतलं नव्हतं, जागा नाही म्हणून. १९५३ साली त्याच कामाला नोबेल मिळालं.

वाचायचं कमी, विचारायचं जास्त

हे माझं खूळ नाहीये. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणून रात्री पुस्तक तिसऱ्यांदा वाचून जे "येतंय येतंय" वाटतं ना, ती त्या पाच मिनिटांचीच धुंदी असते. फ्लॅशकार्ड्स वापरा, ॲप कोणतंही चालेल, पण सिनिअरचा हजारो कार्डांचा डेक एका दिवसात उतरवून घेऊ नका, आठवड्याभरात इतका बॅकलॉग होतो की ॲप उघडायचीच भीती वाटते. रोज जे लेक्चर झालं त्याचीच थोडी कार्डं.

व्हायव्यासाठी, म्हणजे तोंडी परीक्षेसाठी, तर मॉक शिवाय पर्याय नाही. एक जण खडूस एक्झामिनर बनायचा, बाकीच्यांनी हसायचं नाही (जमत नाही, तरी). हातात हाड दिलं की आधी बाजू सांगा, मग ॲनाटॉमिकल पोझिशनमध्ये (उभ्या माणसात असतं तसं) धरा, मगच पुढचं. आणि एक युक्ती, तुमच्या उत्तरातला शेवटचा शब्द बहुतेक वेळा पुढचा प्रश्न असतो, तेव्हा जे येत नाही त्याचं नाव स्वतःहून घेऊ नका. रेडिअल नर्व्ह ह्युमरसच्या स्पायरल ग्रूव्हमधून जाते म्हणालात तर रिस्ट ड्रॉप (ती नर्व्ह गेली की मनगट लुळं पडणं) तयार ठेवा. माहीत नसेल तर पटकन "माहीत नाही सर" म्हणा, घोळात घेत बसलात की एक्झामिनरला मजा यायला लागते. बाहेर आल्यावर "काय विचारलं काय विचारलं" म्हणून गराडा पडतो, सांगा आणि निघा तिथून, जे अजून आत जायचेत त्यांची भीती वाढवू नका.

बाकीचं, पण महत्त्वाचं

घरचे आणि शाळेतले मित्र रिपोर्ट पाठवायला लागतील. तुम्हाला अजून फक्त नॉर्मल काय असतं तेच शिकवलंय हे त्यांना पटत नाही. "तुमच्या डॉक्टरांना दाखवा" हे वाक्य पाठ करा, रुसले तरी चालेल, गोळ्यांची नावं सांगू नका. तसंच स्वतःचं. जो चॅप्टर चालू असेल तो आजार आपल्यालाच झालाय असं वाटतं, मानेतली प्रत्येक गाठ चाचपून बघितली जाते. ग्रुपमध्ये बोलून दाखवलं की बाकीच्यांनाही तेच झालेलं निघतं आणि अर्धी भीती तिथेच जाते, उरलेल्या अर्धीसाठी खऱ्या डॉक्टरकडे जा.

झोप कापून अभ्यास करणाऱ्या सिनिअरचं ऐकू नका. दिवसभर घातलेलं पक्कं करायचं बरंचसं काम मेंदू झोपेतच करतो.

आणि हे गंभीरपणे घ्या. २०१६ साली अनेक देशांतल्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं, त्यात मेडिकलच्या सुमारे २७ टक्के विद्यार्थ्यांमध्ये डिप्रेशन किंवा त्याची लक्षणं दिसली, आणि त्यातल्या जेमतेम १६ टक्के जणांनी उपचार घेतले होते. तुमच्या चारांच्या ग्रुपमध्ये एक, असा हिशोब होतो. ग्रुपवर रिप्लाय यायचे थांबले, लेक्चरला दांड्या वाढल्या, "मला नाही जमणार" हे चेष्टेच्या सुरात रोज यायला लागलं, तर मेसेज करत बसू नका, खोलीवर जा आणि दार वाजवा. सरळ विचारा, जगू नये असं वाटतं का? विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी काउन्सेलर किंवा डॉक्टरपर्यंत सोबत न्या, गुपित ठेवायचं वचन देऊ नका.

ग्रुपमधला एखादा नापास होऊ शकतो. तेव्हा सांत्वनाची भाषणं नकोत. कोणत्या भागात गेलं ते आधी बघा, थिअरी की प्रॅक्टिकल की व्हायवा, कारण तिन्हीचा इलाज वेगळा. मग बाकीच्या तिघांनी विषय वाटून घ्यायचे आणि रोज अर्धा तास त्याच्याकडून ऐकायचं, शिकवायचं नाही, फक्त ऐकायचं आणि अडला तिथे प्रश्न टाकायचा. तुमचीही उजळणी होते, त्यामुळे उपकार वगैरे काही नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी नवीन काहीही काढू नका, हाडं आणि स्लाइड्स एकदा फिरवा, आणि हॉल तिकीट व ॲप्रन बॅगेत टाकलाय का ते विचारा.